जुनी विमाने आणि न मिळणारे सुटे भाग

आमच्या घरी आजोबांच्या वेळचा एक व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. पेटी अभंग आहे, कर्णा शाबूत आहे. परंतु आतील एक व्हॉल्व्ह जळाला आणि तसा दुसरा कोठे मिळेना. रेडिओ मुका झाला म्हणून आमचे फारसे अडले नाही. पण हाच प्रसंग लढाऊ विमानावर ओढवला तर?

विमाने व युद्धनौका तीस-चाळीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ वापरात असतात. अमेरिकेचे बी-५२ हे बाँबफेकी विमान प्रथम १९५२ साली उडाले, त्या जातीचे शेवटचे विमान १९६२ साली तयार झाले. त्यांपैकी कित्येक अद्याप सेवेत आहेत. इलेक्ट्रॉनिक भागांचे आयुष्य मात्र बाजार ठरवितो. १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चिपचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे सैन्य व अवकाशखाते. पुढे संगणक आणि भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचले व सैन्याचा वाटा अगदी अल्प उरला. आता थोड्याच वर्षांत नवी चिप निघते आणि जुनीचे उत्पादन थांबते. भाग चांगला असतो. तो बनविणाराच उरत नाही.

यावर उपाय काय? पहिला उपाय बेगमीचा. उत्पादन बंद होणार अशी सूचना मिळताच पुढील अनेक वर्षांचा साठा एकदाच घ्यावयाचा. पावसाळ्यापूर्वी आपण गोव्यात पुरुमेंत भरतो, तसेच हे. परंतु किती लागेल याचा अंदाज चुकतो, आणि साठ्याला दमटपणापासून जपावे लागते. नाहीतर चिपचे धातूचे पाय गंजून झाळ धरीत नाहीत. दुसरा उपाय, निवृत्त विमानातील भाग काढून चालू विमानास लावणे. तिसरा, जुन्या चिपप्रमाणेच हुबेहूब काम करणारी नवी चिप घडविणे. चौथा, सबंध यंत्रच बदलणे. दाबोळीच्या 'हंसा' तळावरून २०१६पर्यंत उडणाऱ्या आपल्या नौदलाच्या सी हॅरियर विमानांपैकी काहींत मूळचे रडार काढून इस्रायली बनावटीचे नवे रडार बसविले होते. हा मार्ग खर्चाचा. कारण एक यंत्र बदलले की त्याच्याशी जोडलेल्या साऱ्यांची परीक्षा नव्याने घ्यावी लागते.

टंचाई आली की लबाडीही येते. टाकाऊ संगणकांतील चिप उपटून, वरची अक्षरे घासून, त्यांवर नवे शिक्के मारून त्या कोऱ्या म्हणून विकल्या जातात. अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात अशा संशयित मालाची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदली असून त्यांतील भागांची संख्या दहा लाखांवर होती. असा भाग जमिनीवरील तपासणीत टिकेल आणि आकाशात दगा देईल.

म्हणून जाणते अभियंते भाग संपण्याची वाट पाहत नाहीत. प्रत्येक भाग कोण बनवितो, किती दिवस बनविणार, त्याच्या जागी दुसरा कोणता चालेल, याची वही ते विमान नवे असतानाच उघडतात. वैमानिकाच्या शौर्याचे आपण गुणगान करतो, ते योग्यच आहे. परंतु त्याचे सुखरूप परतणे नखाएवढ्या एका चिपवर आणि तिची वेळीच चौकशी करणाऱ्या एखाद्या अज्ञात भांडारपालावरही अवलंबून असते, हे विद्यार्थिमित्रांनी ध्यानी ठेवावे.