चौकट : लातूरहून स्टार वॉर्सच्या गोतावळ्यात

उदगीरला २०२२ मध्ये साहित्य संमेलन भरलं, बरंचसं तसंच ‘स्टार वॉर्स’ चाहत्यांचं संमेलनही : गाळे, परिसंवाद, स्वाक्षरीसाठी रांगा. फक्त इथे प्रेक्षकच वेश करून येतात. ‘स्टार वॉर्स’ चित्रपट १९७७ चा. चाहत्यांचं पहिलं अधिकृत ‘सेलिब्रेशन’ १९९९ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या विमान-संग्रहालयात, तेही भर पावसात झालं. २०२५ चं जपानमध्ये, टोकियोजवळ चिबाला.

लातूरकरांना परवडणारं चाहत्यांचं संमेलन म्हणजे मुंबईचं कॉमिक कॉन. तिथे स्टार वॉर्स हा अनेकांतला एक, पण रात्रीच्या लातूर-मुंबई एक्स्प्रेसने जाता येतं. वेशासोबतची धातूची शस्त्रं मात्र घरीच ठेवा. चित्रपटाचा नायक ल्यूक याच्या लाइटसेबरची, म्हणजे प्रकाश-तलवारीची, मूठ मुळात ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशची दांडी होती; तेव्हा पीव्हीसी पाइप रंगवून केलेली घरची मूठ विकतच्या महागड्या खेळण्यापेक्षा मूळ परंपरेला जास्त धरून आहे, असं आमचं मत!

आपल्याकडे विज्ञानकथेतला गाजलेला वेशपालट कपड्यांचा नव्हे, नावाचा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली बक्षीस मिळवणारे ‘नारायण विनायक जगताप’ म्हणजे आद्याक्षरं उलटी केलेले जयंत विष्णु नारळीकर.