स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचा धूर : घरच्या वर्कशॉपमध्ये काय खबरदारी घ्याल?

जिन्याचे रेलिंग असो, खिडकीचे ग्रिल असो की हॉटेलचे काउंटर, आज गिऱ्हाईक स्टेनलेस स्टीलच मागते. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा अशा ठिकाणी हे काम घराच्या तळमजल्यावर किंवा लगतच्या पत्र्याच्या शेडमध्येही चालते. भाडे वाचते, कारीगर घराजवळ राहतो. पण त्याच छपराखाली स्वयंपाक होतो, मुले झोपतात. म्हणून या धुराचा प्रश्न कारीगराइतकाच त्याच्या घरच्यांचाही आहे.

धुरात असते काय?

स्टीलचा धूर साध्या लोखंडाच्या धुरासारखा नसतो. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. वेल्डिंगच्या उष्णतेने यातील काही क्रोमियमचे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम बनते आणि धुरातून छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९० साली हे क्रोमियम व निकेलची संयुगे आणि २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत धरला. अमेरिकेने २००६ साली कामगारासाठी या क्रोमियमची मर्यादा एक घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम ठरवली. एका ग्रॅमचे दहा लाख भाग करून त्यातले पाच घ्यावेत, इतके हे कमी प्रमाण आहे. स्वस्त २०२ नंबरच्या स्टीलमध्ये निकेल कमी, पण मँगेनीज बरेच जास्त असते. त्याचा धूर वर्षानुवर्षे घेतल्यास मेंदू व मज्जातंतूंवर परिणाम होतो.

नाकातून रक्त येणे, नाकात जखमा, कामावर असताना दमा उसळणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना आपले काम काय आहे, हे जरूर सांगावे. गूळ, केळी किंवा दूध घेतल्याने धूर उतरतो, अशी समजूत आहे. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात. दोघांची गाठ पडत नाही.

पहिला उपाय : कामाची पद्धत

रॉडने जोडल्यास धूर आणि हे क्रोमियम सर्वांत जास्त निघते. आर्गन वेल्डिंगमध्ये ते बरेच कमी असते. पातळ पाइपाचे आणि पत्र्याचे काम शक्य तेवढे आर्गनवर करावे. मात्र आर्गन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत गळती झाली तर तो खाली साचतो आणि माणूस गुदमरून पडतो. सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवावा व काम संपताच व्हॉल्व बंद करावा.

माल पुसण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रव वापरू नयेत. वेल्डिंगच्या ज्वाळेजवळ त्यांच्या वाफेतून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो.

दुसरा उपाय : धूर जागेवरच ओढणे

छताचा पंखा धूर घालवत नाही, खोलीभर पसरवतो. शिवाय त्याच्या वाऱ्याने आर्गनचे आवरण उडते आणि जोडात छिद्रे पडतात. खरा उपाय म्हणजे ब्लोअर आणि हलवता येईल असा पाइप. पाइपाचे तोंड जोडापासून वीतभर अंतरात, किंचित वर व बाजूला ठेवावे. तोंडाच्या व्यासाइतके दूर गेले तरी ओढ सुमारे दहाव्या हिश्श्यावर येते. म्हणून पाइप कामाबरोबर सरकवत राहावे. भिंतीतला साधा पंखा लांब पाइपातून हवा खेचू शकत नाही, तेथे ब्लोअरच लागतो. धूर बाहेर सोडताना तो शेजाऱ्याच्या खिडकीत किंवा आपल्याच स्वयंपाकघरात जाणार नाही, हे पाहावे. समोरच्या बाजूने ताजी हवा आत येण्यास वाट असावी.

कारीगराने डोके धुराच्या वर आणू नये. हवा बाजूने यावी. पाठीमागून आली तर अंगाच्या आडोशाने धूर तोंडाकडेच वळतो.

मास्क आणि दाढी

रुमाल किंवा कापडी मास्क या बारीक कणांना अडवत नाही. आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी-२ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मास्क घ्यावा. मात्र असा मास्क कातडीला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. दाढीवर तो बसत नाही, फटीतून धूर आत जातो. आपल्यातील कित्येक कारीगर दाढी राखतात, त्यांच्यासाठी गाळलेली हवा पंख्याने तोंडावर सोडणारे बॅटरीचे सैल हेल्मेट मिळते. ते महाग आहे. म्हणून दाढी असलेल्याने पहिला खर्च ब्लोअरवर करावा आणि नुसत्या मास्कच्या भरवशावर राहू नये.

घरात धूळ नेऊ नका

वर्कशॉप आणि घर यांमधले दार काम चालू असताना बंद ठेवावे. कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. जेवणापूर्वी हात-तोंड धुवावे, कामाचे कपडे तेथेच उतरवावेत आणि घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

हिशेबाची गोष्ट

कामाचा दर सांगताना आपण माल, रॉड, गॅस, वीज आणि मजुरी धरतो. ब्लोअर व मास्क त्यात धरत नाही आणि मग घासाघीस सुरू झाली की पहिली काटछाट तेथेच होते. यापुढे हा खर्च गॅसच्या ओळीखाली लिहावा. काम शिकायला आलेला शागीर्द तर स्वतःहून काहीच मागत नाही. त्याच्यासाठी मास्क आणून ठेवणे हे उस्तादाचे काम आहे.