बीपी आणि कोलेस्टेरॉल : गोळ्या दोन, रक्तवाहिनी एकच

‘बीपीची गोळी चालू आहेच, मग आता ही कोलेस्टेरॉलची कशाला?’ काही जण याच्या उलट विचारतात, ‘कोलेस्टेरॉलच्या गोळीनेच बीपी उतरत असेल, तर दुसरी बंद करू का?’ दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या ‘स्टॅटिन’ गटातील औषधांनी रक्तदाब उतरलाच, तर जेमतेम दोन-तीन अंकांनी उतरतो. त्यामुळे ती बीपीच्या गोळीची जागा घेऊ शकत नाहीत. तरीही अनेक रुग्णांना दोन्ही औषधे एकत्र दिली जातात.

नळ, गाळ आणि दाब

अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ बांधून कसबा पेठेलगतच्या शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणले. अशा नळाला दोन गोष्टींचा धोका असतो : आत साचणारा गाळ आणि पाण्याचा जादा दाब. रक्तवाहिनीचेही काहीसे तसेच आहे. फरक एवढाच, की इथे गाळ पृष्ठभागावर न बसता भिंतीच्या आत साठतो. सततच्या वाढलेल्या दाबाने रक्तवाहिनीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते, तिथून एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल भिंतीत शिरते आणि त्याचा थर तयार होतो. हा थर फुटला की त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो.

बीपीची गोळी दाब कमी करते. स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखते, त्यामुळे यकृत रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते.

पुरावा काय?

‘अ‍ॅस्कॉट’ या युरोपातील अभ्यासाचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील 10,305 जणांना उच्च रक्तदाब आणि इतर काही धोके होते, पण कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नव्हते. बीपीचे उपचार सर्वांनाच चालू होते. त्यांपैकी निम्म्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम, तर उरलेल्यांना औषध नसलेली गोळी दिली गेली. सुमारे सव्वातीन वर्षांत हृदयविकाराचे झटके व त्यामुळे होणारे मृत्यू दर हजारी 30 वरून 19 वर आले. फायदा इतका स्पष्ट होता, की अभ्यासाचा हा भाग मुदतीआधीच थांबवण्यात आला.

‘मी तर बारीक आहे’

हा दिलासा आपल्याकडे फसवा ठरतो. कसबा पेठेपासून जवळच, रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘बारीक पण चरबीयुक्त’ भारतीय शरीराची कल्पना मांडली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स 22.3 होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के! म्हणून वजनकाट्यावर विसंबू नये. बीपी, साखर आणि लिपिड प्रोफाइल तपासून घ्यावे.

गोळ्या घेताना

- रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.
- बीपीची कोणती औषधे चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगा. डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, अ‍ॅम्लोडिपिन यांच्यासोबत काही स्टॅटिनचा डोस मर्यादित ठेवावा लागतो.
- स्नायू खूप दुखू लागले किंवा लघवीचा रंग गडद झाला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.
- गरोदर असाल किंवा गर्भधारणेचा विचार असेल, तर आधी सल्ला घ्या.
- लोणचे, पापड, फरसाण कमी करा. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा जास्त मीठ पोटात जाऊ देऊ नका.

बीपी असलेल्या प्रत्येकाला स्टॅटिन लागतेच असे नाही. वय, मधुमेह, तंबाखू, घरातील हृदयविकाराचा इतिहास असा एकूण धोका पाहून डॉक्टर ते ठरवतात. म्हणून पुढच्या भेटीत ‘कोलेस्टेरॉल किती?’ एवढेच न विचारता ‘माझा एकूण धोका किती?’ असे विचारा.