मंगळावर अडकलेली किल्ली

4 जुलै 1997. पाथफाइंडर यान हवेच्या पिशव्यांवर चेंडूसारखं उसळत मंगळावर उतरलं. त्याच्यातून सोजर्नर नावाची सहा चाकांची चिमुकली गाडी बाहेर पडली, फोटो येऊ लागले. आणि काही दिवसांतच यानाचा संगणक मध्येच आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. का बरं?

या संगणकात प्रोसेसर एकच, कामं मात्र ढीगभर. म्हणून प्रत्येक कामाला मान ठरवून दिलेला. वरच्या मानाचं काम आलं, की खालच्यानं हातातलं अर्धवट टाकून बाजूला व्हायचं. अशा यंत्रणेत बरोबर उत्तरही उशिरा आलं, तर ते चूकच!

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणा. कपाटाची किल्ली एकच, ती शिपाईकाकांकडे. ते आत रजिस्टर ठेवताहेत. मुख्याध्यापिका बाईंना तेच कपाट हवंय. मिनिटभर थांबतील, त्यात काय? पण तेवढ्यात एक सर येतात, 'काका, खडू आणा जरा.' मग दुसरे सर, मग तिसरे. कपाटाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तरीही सगळ्यांत मोठ्या बाई ताटकळल्या त्या या मधल्या सरांमुळे!

मंगळावर हुबेहूब हेच. हवामानाच्या नोंदींचं काम शिपाईकाका. यानातली माहिती वाटून देणारं काम म्हणजे बाई. मधली लांबलचक कामं म्हणजे सर. सेकंदाला आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत तपासणी. बाईंचं काम अपुरं दिसलं, की संगणक सगळं थांबवून नव्यानं सुरू. त्या दिवसाचं उरलेलं काम उद्यावर!

उपाय किती साधा! बाई थांबल्या असतील, तर किल्ली परत येईपर्यंत शिपाईकाकांना बाईंचाच मान द्यायचा. मग कोणते सर त्यांना हाक मारतील? लुई शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी हे तत्त्व 1990 मध्ये गणितानं मांडलं होतं.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत यानाची जुळी यंत्रणा होती. अभियंत्यांनी तिच्यावर तोच बिघाड मुद्दाम घडवून आणला. आणि सापडलं काय? तो उपाय यानाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासूनच होता, फक्त या दोन कामांच्या सामायिक कुलपासाठी बंद ठेवलेला! बदल रेडिओलहरींवर स्वार होऊन निघाला. सुमारे दहा मिनिटांचा प्रवास, आणि परग्रहावरच्या शिपाईकाकांना बढती मिळाली.