बरं न होणाऱ्यांची सेवा: कामाचा अर्थ कुठे असतो?

मागच्या व्याख्यानानंतर तलासरीकडच्या एका परिचारिकेने आम्हाला विचारलं, "सर, मी ज्यांच्याकडे जाते त्यातला एकही पेशंट बरा होत नाही. मग मी दिवसभर करते तरी काय?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. आज ते शोधू या.

डहाणू-तलासरीच्या पाड्यावरचा माणूस कॅन्सरच्या उपचारासाठी परळपर्यंत जातो, आणि कधीकधी 'आता काही करता येणार नाही' हे वाक्य घेऊन परततो. हे वाक्य तपासून पाहायला हवं. रोग हटवता येणार नाही, हे खरं असेल. पण वेदना कमी करता येते, जखम स्वच्छ ठेवता येते, धाप लागलेल्याला नीट बसवता येतं, घरच्यांना धीर देता येतो. म्हणजे करण्यासारखं पुष्कळ उरतं.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. त्यांनी 'समग्र वेदना' ही कल्पना मांडली: दुखणं शरीराचं असतं, तसंच मनाचं, नात्यांचं आणि श्रद्धेचंही असतं. आपल्याकडे १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं. ते देशातलं पहिलं हॉस्पिस. मॉर्फिन मात्र १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे गरजूंना दुर्मीळ झालं. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट थोडी सोपी केली.

आता मूळ प्रश्न. ॲरिस्टॉटल दोन प्रकारच्या क्रिया वेगळ्या करतो. सुतार खाट बनवतो, तिथे फळ क्रियेच्या बाहेर उरतं. पण काही क्रियांचं साध्य त्या क्रियेतच असतं. आपली परिचारिका स्वतःला सुताराच्या मापाने मोजते आहे, म्हणून तिचे हात तिला रिकामे वाटतात. वारली बोलणाऱ्या आजीला मोठ्या रुग्णालयात आपलं दुखणं परक्या भाषेत सांगावं लागतं. इथे ते तिच्या बोलीत कुणीतरी ऐकून घेतं, त्याप्रमाणे औषध ठरतं आणि त्या रात्री आजीला झोप लागते. आजी महिन्याभराने गेली, म्हणून ती रात्र वाया गेली का हो? नाही.

यावर कुणी म्हणेल, हा तर निष्काम कर्मयोग. फळाकडे बघायचंच नाही. तसं नव्हे. दुखणं कमी झालं की नाही, हे रोज बघायलाच हवं. निष्कामता म्हणजे बेफिकिरी नव्हे. सोडायची आहे ती एकच अपेक्षा, मृत्यूला हरवण्याची.

आणखी एक सांगितलं पाहिजे. 'सेवेत अर्थ आहे' असं म्हणून कुणाचा पगार थकवता येत नाही, की एकीवर तिघींचं काम टाकता येत नाही. अर्थ माणसाला कामात टिकवतो. पण विश्रांतीची आणि सोबतीची जागा तो घेत नाही. रुग्ण गेल्यावर तिलाही दुःख होतं. ते बोलायला तिला कुणीतरी हवं.

तेव्हा बाई, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं: पेशंट बरा होत नाही, हे खरं; पण तुम्ही गेल्यामुळे त्याचा आजचा दिवस बरा जातो. तुम्ही दिवसभर करता ते हेच, आणि हे पूर्ण काम आहे.