कामांची यादी आणि मनाचे स्वास्थ्य

सकाळचा चहा घेता घेता दिवसभराच्या कामांचे टिपण करण्याची सवय आपल्यापैकी पुष्कळांना असते. विजेचे बिल, बँकेतले काम, शिंप्याकडचे कपडे, राहून गेलेला एखादा फोन. कोणी हे पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहितो, कोणी मोबाइलवर. घरातली गृहिणी बहुधा कोठेच लिहीत नाही. तिची यादी डोक्यातच असते आणि सर्वांत लांब तीच असते. रात्री या यादीतल्या बहुतेक ओळींवर काट मारलेली असूनही मन आंबून गेलेले असते, आणि एखाद्या दिवशी निम्मी यादी तशीच राहूनही झोप मात्र गाढ लागते. असे का व्हावे?

दोष यादीचा नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. अपुरे काम मनाला टोचत राहते, या अनुभवाचा अभ्यास बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक आणि मारिया ओव्स्यांकिना या दोन विदुषींनी शंभरएक वर्षांपूर्वी केला. अपुरे काम अधिक लक्षात राहते, हा झायगार्निकबाईंचा १९२७ सालचा निष्कर्ष पुढच्या प्रयोगांत सर्वत्र टिकला नाही. परंतु मध्येच थांबवलेल्या कामाकडे माणूस आपण होऊन परत वळतो, हे ओव्स्यांकिनाबाईंचे म्हणणे बरेचसे टिकले. २०११ साली मासिकाम्पो व बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की, काम केव्हा, कोठे व कसे करावयाचे एवढे नक्की केले, तर ते न होताही मनाची चुळबुळ पुष्कळच कमी होते. म्हणजे डोक्यावरचे ओझे कागदावर उतरवणे हे यादीचे काम, आणि ते ती चोख करते.

पण तिच्याकडून याहून अधिकाची अपेक्षा ठेवली की निराशा होते. यादीतली प्रत्येक ओळ क्रियापदाची असते: भरणे, आणणे, भेटणे. तिथे ‘आनंदात असणे’ असे लिहून चालत नाही, कारण ते हुकमाने घडत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात स्वतःच्या दिवसाचा तक्ता दिला आहे. पहाटे पाचला उठणे, सकाळी आणि दुपारी चार-चार तास काम, रात्री दहाला झोप. या मोठ्या कामसू मुद्रकाने संध्याकाळच्या घरात मात्र संगीत, करमणूक व गप्पा यांना राखीव जागा ठेवली होती. प्रसन्नता त्याने तक्त्यात लिहिली नाही. ती जिथे येण्याचा संभव, तिथे वेळ मोकळा ठेवला. (शिस्त आपल्याला शेवटपर्यंत नीट जमली नाही, हेही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. आपल्याला तेवढाच धीर!)

आता कोणत्या वेळी माणसाला कसे वाटते, याची पाहणीही झालेली आहे. २००४ साली डॅनिएल कानेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला संपूर्ण दिवस प्रसंगवार आठवून लिहावयास सांगितले. मित्रमंडळींचा सहवास, जेवण, विसावा यांचा क्रमांक वर लागला; सकाळी कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाशी गेला. रात्री झोप नीट झालेली नसेल, तर दिवसाची गोडीच कमी होते असेही दिसले. मुलांचे करणे घरकामाच्याही खाली गेले, हे वाचून अनेकांना धक्का बसला. मातांची माया आटली असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रश्न त्या त्या घटकेच्या मनःस्थितीचा होता, त्या कामाच्या मोलाचा नव्हता. दमलेल्या आईला हट्टी मुलाला भरवताना कसे वाटते, हे तिला विचारा. आणि वीस वर्षांनी त्याच घासांबद्दल विचारा.

म्हणून जे करताना बरे वाटते तेवढेच करावे, हा सल्ला आम्हाला पटत नाही. तसे केले तर आजाऱ्याच्या उशाशी कोणी बसणार नाही. आपल्या हाती असते ते निराळेच. ‘आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे’ अशी एक ओळ घ्या. तिच्या अलीकडे बँक आणि पलीकडे गॅरेज असेल, तर आईला जिना भराभर उतरावा लागतो, रिक्षात आपण फोनवर बोलत राहतो आणि औषधाचे थेंब घालून घेताना ती विचारते, “तुला उशीर होतोय का रे?” त्या ओळीच्या पुढे काहीच लिहिले नाही, तर परतीच्या वाटेवर एखादा रसवंतीचा पेला होतो, जुन्या शेजाऱ्यांची चौकशी होते. कागदावर दोन्ही दिवशी काट एकच पडते. बँक उद्यावर गेली, एवढाच खर्च. यादी करताना कामाच्या नावाबरोबर ते कोणाच्या संगतीत आणि किती सवडीने व्हावे, हे मनाशी ठरवले, तर बहुतेक वेळा असे दिसते की दिवसात आठ ओळी मावतच नाहीत, चार मावतात. कोणत्या चार, हे ठरवणे जड जाते.

आणि ज्याला ठरवण्याची मुभाच नाही, त्याचे काय? २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात, आणि पुरुष ९७. तेही शंभरातले सव्वीसच पुरुष. उरलेल्यांच्या वाट्याला घरकाम मुळीच नाही. अशा घरात गृहिणीला ‘मन प्रसन्न ठेवत जा’ असे सांगणे ही थट्टा आहे. आज संध्याकाळी या मंडपात येण्यापूर्वी कितीजणींनी रात्रीची कणीक मळून ठेवली असेल, याचा पुरुषमंडळींनी अंदाज करावा. तिची यादी प्रथम तिच्या डोक्यातून स्वयंपाकघराच्या भिंतीवर यावयास हवी, सर्वांच्या हस्ताक्षरात. ती लिहू लागल्यावर ध्यानात येते की, निम्म्या कामांना घरात नावच नव्हते: गॅसचा नंबर लावणे, पाहुणे येणार म्हणून गाद्या उन्हात टाकणे, आजोबांच्या गोळ्या संपत आल्या का ते पाहणे, आणि ते संपल्याचे कोणाच्या तरी कानावर घालणे.