घार, शिक्रा आणि कोंबडीची पिले

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी कोंबड्या असतील. सकाळी खुराड्याचे दार उघडले, की त्या परसदारी पसरतात. माती उकरतात, किडे टिपतात आणि संध्याकाळी आपण होऊन परत येतात. अशा मोकळ्या कोंबड्यांना दाण्याचा खर्च थोडा लागतो. अंडी विकून घरात चार पैसे येतात. त्यातून तुमच्या वह्याही येतात. पण एके दिवशी दहा पिलांची आठ होतात, आठवड्याने पाचच उरतात. मग घरातील सर्वजण आकाशाकडे पाहून बोटे मोडतात.

पिले नेणारे पक्षी मुख्यतः दोन. पहिली घार. उर्दूत आपण जिला ‘चील’ म्हणतो, तीच ही. ती तपकिरी रंगाची, सुमारे ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्या शेपटीला टोकाशी खाच असते. ती उंच आकाशात घिरट्या घालते आणि उघड्यावर पिलू दिसले, की झेप घालून ते पंजात उचलते. दुसरा शिक्रा. त्याला उर्दूतही शिक्राच म्हणतात. तो पारव्याएवढा असतो. पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. घार दुरून दिसते, शिक्रा दिसत नाही. तो दाट झाडात गुपचूप बसतो आणि एकदम झडप घालतो. मार्च ते जून हे त्याच्या घरट्याचे दिवस. तेव्हा त्यालाही आपली पिले पोसायची असतात. मोठी कोंबडी या दोघांना सहसा पेलत नाही. खरा धोका असतो तो लहान पिलांना.

कोंबडी बेसावध असते असे मात्र समजू नका. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान तिरपी करून ती एका डोळ्याने आकाश पाहते. कोंबड्याचे तर इशाऱ्याचे दोन वेगळे आवाज आहेत. कुत्रा किंवा मांजर आले, तर तो मोठ्याने, तुटक तुटक ओरडत राहतो. आकाशात घार दिसली, तर बारीक, लांबट आवाज काढतो. तो आवाज नेमका कोठून आला, हे शत्रूला चटकन कळत नाही. शास्त्रज्ञांनी हे दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित केले आणि शत्रू जवळ नसताना कोंबड्यांना ऐकवले. पहिला आवाज ऐकून त्या मान ताठ करून उभ्या राहिल्या. दुसरा ऐकताच आडोशाकडे पळाल्या आणि दबून बसल्या! कोंबडा अंडी देत नाही म्हणून लोक आधी त्यालाच विकतात. हा हिशोब मला पटत नाही. कळपात एक तरी कोंबडा असावा.

पण इशारा ऐकून पिलांनी पळायचे कोठे? आपण झुडपे तोडतो आणि परसदार झाडून लख्ख करतो. कोंबडीचा पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. तो जंगलात, झुडपांच्या आडोशाने राहणारा पक्षी. त्याच्या वंशजांना आपण उघड्या मैदानात सोडतो आणि दोष घारीला देतो. म्हणून परसदारी थोड्या थोड्या अंतरावर आडोसा ठेवा. मेंदी, अडुळसा, जास्वंद यांची झुडपे चालतील. झुडपे वाढायला वेळ लागतो. तोपर्यंत एखादी जुनी खाट ठेवा. मराठीत खाटेला ‘बाज’ असेही म्हणतात. उर्दूत ‘बाज’ म्हणजे शिकारी पक्षी. तेव्हा बाजेखाली शिरलेले पिलू बाजाला सापडत नाही, हे लक्षात राहील ना?

पिले अगदी लहान असताना त्यांना कोंबडीसह डालग्याखाली ठेवावे. बांबूच्या फटींतून त्यांना हवा मिळते. समुद्रकाठच्या गावांत मासेमारीचे जुने जाळे अंगणावर ताणून बांधता येते. चकाकणाऱ्या पट्ट्या टांगल्या, तर घार काही दिवस बिचकते, मग सरावते. म्हणून त्यांची जागा बदलत राहावी. कोंबडी कापल्यावर आतडी परसदारी टाकू नका. ती खायला घारी येतात आणि त्यांना जागा माहीत होते.

अंगणातील झाडावर कोतवाल पक्ष्याचे घरटे असेल, तर ते मोडू नका. हा काळा, लांब शेपटीचा पक्षी बुलबुलापेक्षा फारसा मोठा नाही. पण घरट्याजवळ आलेल्या घारीचा तो पाठलाग करून तिला हुसकावतो. कोतवाल हा शब्द तुम्हाला उर्दूतून माहीत आहेच.

काही मुले गलोल घेऊन घारीच्या मागे लागतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे घार आणि शिक्रा यांना मारणे गुन्हा आहे. शिवाय घार मेलेली जनावरे खाऊन गाव स्वच्छ ठेवते. शिक्रा उंदीर आणि टोळ खातो. एक मारला, तरी त्याच्या जागी दुसरा येतो आणि तुमचे अंगण उघडेच राहते.

संध्याकाळी पिले मोजून आत घ्या आणि खुराड्याला कडी लावा. रात्री घार येत नाही, पण रानमांजर येते.